वळच्या नवरीचा गुच्छ

माझी धाकटी जाऊ गुणाबाई भिवंडीत निजामपुऱ्याच्या वळणावर फुलं विकायची आणि मी तिच्या शेजारी नारळ-अगरबत्ती घेऊन बसायचे. मागे कापडाच्या लूमचा खडखडाट, त्यामुळे मोठ्यानं बोलायची खोड. म्हणजे मला. गुणाबाई बोलायची कमी, पण तिच्या हाताला उसंत नव्हती. लगीनसराईत सकाळी मुंडावळ्या, संध्याकाळी सेहरा. मुसलमान गिऱ्हाईक आलं की ‘बैठो भाई, अभी देती’, हिंदू आलं की ‘बसा दादा, आत्ता देते’. फुलं दोघांना तीच. नवरीच्या फुलांना तर अख्ख्या भिवंडीत तिच्याइतका भरवशाचा हात नव्हता. मी जाऊ आहे म्हणून सांगत नाही. जावा एकमेकींचं कौतुक करतात, हे कधी ऐकलंय का कुणी?

मैना ही तिची एकुलती लेक. मला मूल नाही, मालकही लवकर गेले, त्यामुळे ती निम्मी माझ्याच मांडीवर वाढली. भुसार गल्लीतल्या आनंदीबाईच्या पंढरीनाथाशी तिचा साखरपुडा झाला. पोरगा ठाण्याला कंपनीत फिटर, नाकीडोळी नीटस. लग्न मार्गशीर्षातलं धरलं होतं. भाद्रपदात मैनाला कावीळ झाली. औषध झालं, उतारा झाला, गणेशपुरीला नेऊन आणली. गणपती गेले आणि मागोमाग ती गेली.

दिवसकार्य झालं आणि गुणाबाई दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन वळणावर हजर. बायका कुजबुजल्या, काय काळजाची बाई आहे. मी एकीला चांगलं झाडलं. पण खरं सांगते, रागही मला गुणाबाईचाच यायचा. वाटायचं, मेली एकदा ओरड, छाती पीट, आम्हालाही मोकळं कर. ती आपली सुईत दोरा ओवत बसायची. मग एक दिवस मी माझ्याकडे बघितलं, तर मीही तशीच. चहात साखर कमी पडलेली कळायची, त्यापलीकडे काही नाही. माझा दीर सावळाराम लूमवर शिफ्ट करायचा, घरी यायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. घरात तीन माणसं आणि कुणालाच काही होत नव्हतं.

गुणाबाईनं त्या सगळ्या काळात एकच गोष्ट मागितली. आमच्याकडे रीत आहे. पहिली बायको वारली की तिच्या जागी जी येते, ती पहिलीच्या आईबापाची लेक होते. त्यांच्या उंबऱ्याला येते, सणाला चोळी नेते. आपली पोर गेली तरी तिचं माहेर मोडत नाही. साखरपुड्यातले कपडे परत करायला आम्ही दोघी आनंदीबाईकडे गेलो, तेव्हा गुणाबाई म्हणाली, पंढरीनं लग्न करावं, जरूर करावं, फक्त त्याची बायको एकदा माझ्या दारात आणा.

आनंदीबाई म्हणाली, “साखरपुडाच झालता. अक्षता कुठं पडल्या? तुमचं आमचं आता नातं लागत न्हाय.”

पंढरी खाली मान घालून आपल्या चपला बघत उभा. मी आनंदीबाईला दोन सुनवायला तोंड उघडलं, तर गुणाबाईनं माझा दंड धरला आणि मला बाहेर आणलं. रस्त्यानं येताना ती म्हणाली, बाय, ती खोटं कुठं बोलते, अक्षता न्हाईच पडल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं ते एवढंच, की ऊन फार आहे.

मग ती चौऱ्याहत्तर सालची लगीनसराई आली. रेल्वेचा संप चालू होता. दादरची फुलं बंद, म्हणून गणेशपुरीच्या अंगाचा माल एसटीनं यायचा, त्यावर आमचं दुकान. अशात एक दिवस वळ गावचा हिरामण नावाचा शेतकरी आपल्या लेकीला घेऊन आला. लेकीचं नाव बकुळा. फुलं ठरवायला बायका येतात, बाप येत नाही, म्हणून मी विचारलंच. तर पोरीची आई ती रांगत असतानाच वारलेली. मी पुढं विचारलं, नवरा कुठला? बाप कौतुकानं म्हणाला, भुसार गल्लीचा, आनंदीबाईचा पंढरी, ठाण्याला फिटर हाय.

मी चटकन शेजारी बघितलं. गुणाबाईनं हातातली गाठ मारली आणि पुढचं फूल उचललं.

पोरगी धीट होती. म्हणाली, मावशी, मुंडावळ्या, वेणी, हार हे तर झालंच, पण मला हातात धरायला गुच्छ पायजे. संध्याकाळी मांडवात फोटोवाला येणार होता आणि तिनं फोटोच्या दुकानाच्या काचेत तशी नवरी बघितली होती. आमची मैनाही त्याच काचेसमोर उभी राहायची, तिलाही तसाच गुच्छ हवा होता. तेव्हा गुणाबाई तिला हसली होती, फूल डोक्यात घालायचं का मुठीत आवळायचं म्हणून. बकुळाला ती हसली नाही. तिनं कामाचं विचारायला सुरुवात केली. लुगडं कुठल्या रंगाचं? उभी राहणार का बसणार? हाताला घाम येतो का?

लुगडं हिरवं होतं. पोरीला गुच्छ लालभडक गुलाबाचा हवा होता. गुणाबाईनं सांगितलं, गुलाब दादरचा, तो काय या संपात यायचा नाही, आणि इथला गुलाब आणला तर तुझ्या मुठीत देठ राहील आणि पाकळ्या मांडवात. नुसता मोगरा घेतला तर फोटोवाला पेटी उघडेपर्यंत मान टाकील. पोरगी हिरमुसली. मग गुणाबाईनं पाटीतून एकेक फूल काढून तिच्या मांडीवर मांडलं. गुलछडीच्या काड्या उभ्या, कारण ती उन्हाला दाद देत नाही. मध्ये मोगऱ्याच्या मिटल्या कळ्या, त्या संध्याकाळपर्यंत उमलतील. कडेनं अबोली, म्हणजे हिरव्या लुगड्यावर रंग उठेल. मागं मोरपंखीचा पाला. देठांना केळीच्या खोडाचं ओलं सोपट आणि त्यावर लूमचं पांढरं सूत घट्ट, लुगड्याला डाग पडायला नको. आणि गुच्छ एका अंगाला कलता बांधायचा, नाहीतर फोटोत फुलांचं तोंड नवरीकडे होतं आणि लोकांना नुसता पाला दिसतो. हे सगळं ती कुठं शिकली, देव जाणे. मला वाटतं, मैनाला हसली तरी घरी जाऊन तिनं मनात तो गुच्छ बांधून बघितला होता.

शेवटी तिनं बकुळाचा उजवा हात हातात घेतला, मूठ मिटायला लावली आणि सुतानं मुठीचं माप घेतलं. हात जरा वेळ तिच्याच हातात राहिला. मी दुसरीकडे बघितलं.

ती दोघं गेल्यावर मी म्हटलं, सांगून टाकते पोरीला, कुणाच्या हातची फुलं नेतेस ते. गुणाबाई म्हणाली, पोरगी फुलं घ्यायला आलीय, बाय, आपलं दुःख घ्यायला न्हाय. तेवढ्यापुरतं मी तिचं ऐकलं. पण मी गिळून बसणारी बाई नव्हे.

लग्नाच्या दिवशी आम्ही टांग्यानं वळ गावी गेलो, ओल्या फडक्यात फुलं घेऊन. वऱ्हाड यायच्या आत देऊन परत निघायचं, असं ठरलेलं. आतल्या खोलीत बकुळा हळदीच्या अंगानं बसली होती, भोवती चार बायका. तिनं गुच्छ बघितला आणि हरखली. बाई गं, काय बांधला होता. कळ्या नुसत्या टपोऱ्या. तिनं तो उजव्या हातात धरला, तर फुलांचं तोंड तिच्या पदराकडे. फिरवून धरला, तर पुढं मोरपंखी.

“मावशी,” ती हळू म्हणाली, “हा उलटा झाला का?”

गुणाबाईनं बघितलं, मीही बघितलं. इतकी वर्षं तिच्या शेजारी बसले, तिच्या हातून वेणीचं एक फूल उलटं गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

“डाव्या हाताचा झाला,” गुणाबाई म्हणाली. भाव सांगावा तसं सांगितलं. “माझी मैना डावखुरी होती.”

कोण मैना, असं पोरीनं विचारलं. गुणाबाईनं तिच्या हातातून गुच्छ घेतला आणि ती खाली बसून सूत सोडायला गाठ शोधू लागली. मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी सगळं ओकले. साखरपुडा, कावीळ, आनंदीबाई काय बोलली ते आणि गुणाबाईनं काय मागितलं होतं ते. मग एक म्हातारी म्हणाली, मेल्या पोरीच्या आईच्या हातचं ते, आधी बाहेर टाका. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काही बोलायच्या आत बकुळानं वाकून गुणाबाईच्या हातातून गुच्छ घेतला.

“सोडू नका मावशी. ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली आणि तिनं तो डाव्या हातात धरला. बरोबर बसला.

परतताना टांग्यात मी गुणाबाईला विचारलं, काय वाटतंय? म्हणाली, काय न्हाय. मी तिला चिमटा काढावा इतकी चिडले होते. तिनं वळणावर उतरून पाटी मांडली आणि संध्याकाळच्या निकाहाचा सेहरा ओवायला घेतला.

पाचव्या दिवशी मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते. पाचपरतावणाचा दिवस, नवी नवरी माहेरी परतायचा. कुणाच्या घरी कोण परतणार, आमच्या गावीही नव्हतं. दारात सावली पडली म्हणून बघितलं, तर हिरव्या लुगड्यातली बकुळा आणि तिच्या मागं पिशवी धरलेला पंढरी. गुणाबाई आतून आली आणि जागच्या जागी उभी राहिली.

बकुळा म्हणाली, “मी पाचपरतावणाला आले. बाबांना विचारलं. ते म्हणाले, आई तिकडं असंल तर तिकडं जा.”

गुणाबाई हलेना. मी तिच्या कानाशी खेकसले, लेकीला उंबऱ्यात ताटकळत ठेवतात होय गं, आणि गरम भाकरीचा तुकडा तिच्या हातात कोंबला. तिनं तो बकुळावरून ओवाळला आणि बाहेर टाकला. पाण्याचा तांब्या घेतला, तिच्या पायावर पाणी घातलं. सगळं रीतीनं. मी मनात म्हटलं, आतासुद्धा हिला काही होणार नाही.

पंढरी बाहेरच घुटमळत होता. तो चाचरत म्हणाला, आईनं सांगितलंय, जायचं तर जा, पण सांजच्याला माघारी आण.

गुणाबाईनं तांब्या खाली ठेवला. तिच्या नाकपुड्या फुलल्या, मानेची शीर ताठली. इतक्या महिन्यांत चढला नव्हता तो आवाज असा चढला, की समोरच्या लूमवरचा माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

“जावईबापू, तुम्ही पिशवी ठेवा आणि जा. विहीणबाईंना सांगा, लेक पहिल्यांदा माहेरी आली तर सांजच्याला माघारी जात न्हाय. माझी लेक आठ दिस ऱ्हाईल.”