बावड्याचा फोल्डर आणि आबांची खुर्ची

भुताखेतांच्या गप्पांत सगळ्यात मोठ्यानं हसणारा माणूस म्हणजे मी, बारामतीत कुणालाही विचारा! सर्व्हर दुरुस्त करणं हा माझा धंदा. आमच्यात भूत नसतं, वायर सैल असते... असं मी म्हणायचो.

इंदापूर तालुक्यातलं बावडा. द्राक्षांचं पॅकहाउस. भर दुपार. बाहेर भरलेला कंटेनर, आत मालकीणबाई सुनंदाताई घामाघूम. फवारणीच्या नोंदी पाठवल्याशिवाय कंटेनर हलणार नाही, आणि नोंदींचा फोल्डर म्हणतोय – 'ॲक्सेस डिनाइड'. अख्ख्या गावाचा माल अडकलेला.

"आबांचा फोल्डर हाय," ताई म्हणाल्या. आबा म्हणजे त्यांचे चुलते. कॉम्प्युटर तेच सांभाळायचे. कालच त्यांचा दहावा झाला होता. "कावळा शिवला न्हाय वो. शेवटी दर्भाचा केला."

"कावळ्याला परमिशन नसंल!" मी म्हणालो. कुणी हसलं नाही. मी आबांच्या खुर्चीत ऐसपैस बसलो. सर्व्हर त्यांच्याच टेबलाखाली होता.

ॲडमिन म्हणून फोल्डरची मालकी माझ्या नावावर घेतली. पुन्हा पाहिलं – मालक: आबा. परत घेतली... परत आबा. चिडून आबांचं खातंच उडवलं. खातं उडालं की मालकाच्या नावाच्या जागी नुसते आकडे दिसायला हवेत. दिसलं काय? आबा.

बाहेरून कुणी खोडी करत असेल म्हणून नेटवर्कची वायर उपसली. आता मी आणि सर्व्हर, तिसरं कुणी नाही. पुन्हा मालकी घेतली, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझं नाव पुसलं जाऊन 'आबा' उमटलं.

"ताई..." मी कीबोर्डवरून हात उचलले, "हे मी करत नाहीये."

ताईंनी पदर सावरला आणि घाटावर कावळ्यापुढं जोडतात तसे स्क्रीनपुढं हात जोडले. "आबा, काय ऱ्हायलंय तुमचं? नोंदी मी जपंन..."

काही नाही.

"खोटी नोंद कुणाला करू देणार न्हाय."

काही नाही. मग त्यांची नजर हळूच माझ्यावर आली. मागं उभ्या पॅकिंगच्या बायकांचीसुद्धा.

"आबा, तुमच्या खुर्चीत परक्याला बसू देणार न्हाय."

मी उठलो कसला, उडालो! आणि माउसला कुणाचाही हात नसताना... फोल्डर उघडला.

कंटेनर गेला. पुढं ताईंनी सर्व्हरही नवा घेतला, त्यावर फोल्डर कॉपी केला. त्यातही सगळ्यांना मुभा आहे. फक्त एका नावापुढं 'डिनाय' – माझ्या. ती ओळ काढली की परत येते.

का, ते मला आजही सांगता येत नाही. कुणाला तपासायचं असेल तर बावड्याला खुशाल जा... पण काम उभ्यानं करा!