टाकीतली मंडळी

"ओ भाऊ, झोपले का तिकडे? इथं वासानं जेवण नाई जाऊन राह्यलं घशाखाली."

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई गॅलरीतून ओरडत होत्या. बाई म्हणजे रिटायर्ड शिक्षिका. आवाज असा, की इथं सेलूत त्यांनी हाक मारली तर तिकडं वडनेरात एखाद्यानं उभं राहून पाढे म्हणावेत.

मी झोपलो नव्हतो. सोसायटीच्या मागच्या कोपऱ्यात टाकीच्या कठड्याशी लोणच्याची बरणी उजेडात धरून उभा होतो, आणि बरणीत जे दिसत होतं त्यानं माझीही भूक मेली होती.

अठ्ठेचाळीस घरांचं सांडपाणी माझ्याकडं येतं. आधी लागते जाळी. तिथं माणसाचा खरा स्वभाव अडकतो: कंगवे, मोजे, एकदा तर अख्खी कवळी. धुऊन मालकाकडं नेली, तर "माझी नाई" म्हणाला, ओठ न उघडता. जाळीनंतर हवेची टाकी. ब्लोअर तळातून हवा सोडतो, पाणी चहासारखं खदखदतं, आणि त्यात माझी मंडळी राहते. जंतू हो. घाण खायची, हवा प्यायची, वाढत राहायचं. देशात माणसं नसतील तेवढे जीव माझ्या एका टाकीत, आणि एकाची तक्रार नाही. पुढच्या टाकीत पाणी शांत असतं. तिथं मंडळी गाळ होऊन तळाशी बसते, वरचं नितळ पाणी गाळून बागेला जातं, आणि तळचा गाळ पंपानं परत हवेच्या टाकीत, कामावर. रोज मी हवेच्या टाकीतलं पाणी बरणीत भरून अर्धा तास ठेवतो. खाली तपकिरी थर, वर स्वच्छ पाणी दिसलं, की समजायचं घरी सगळे खुशाल.

त्या दिवशी थरच नव्हता. नुसतं राखाडी, गढूळ पाणी. मंडळी मेली होती.

दिवाळीची सफाई चालली होती. गेटवर एक जण ॲसिडचे कॅन घेऊन आला आणि एका रविवारात सगळ्या घरांनी संडास चकचकीत केले. ते सगळं ॲसिड माझ्या टाकीत. दरवर्षी दिवाळीआधी मी दारोदार सांगत फिरायचो, ॲसिड टाकू नका, खाली जिवंत मंडळी आहे. मागच्या वर्षी अर्धी दारं साखळीपुरती उघडली, बाकीच्यांनी आतूनच विचारलं, "कोन?" म्हणून यंदा गेलो नाही. रुसलो होतो म्हणा. माझ्या रुसव्यात मंडळी गेली.

संध्याकाळी सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून आले. त्यांचं बाजारात कापडाचं दुकान. बोलतात तेही मापून. "आठ दिवस देतो भाऊ. नाई जमलं तर प्लँट बंद, ब्लोअरच्या खोलीले कुलूप, पानी सरळ नाल्यात."

बायको गेल्यापासून माझ्या घरी भिंती सोडून बोलायला कोणी नाही. ब्लोअरची घरघर तरी रात्रंदिवस काहीतरी सांगत असते. खोलीला कुलूप लागलं असतं, तर मी जाऊन बसलो असतो कुठं?

वर्ध्याला एका वसतिगृहाच्या मागं असाच प्लँट आहे. तिथल्या माणसाचे पाय धरून जिवंत गाळाचे दोन कॅन मागितले आणि एसटीत मांडीवर घेऊन बसलो.

"काकाजी, कॅनमधी काय हाय?" शेजारच्यानं विचारलं.

"ताक."

"ताजं हाय का?"

"जिवंत आहे," मी म्हणालो. सेलू येईपर्यंत तो कॅनकडं तहानलेल्या डोळ्यांनी पाहत होता.

असे शंभर कॅन आणले असं मी लोकांना सांगतो. खरे बारा, सहा खेपांत. वरून शेणाचा काला ओतला, ब्लोअरला मिनिटाची सुट्टी दिली नाही.

आणि गंमत पाहा, वास होता तोवर माणसं येत होती. रुमाल धरून का होईना, थांबत होती. मी स्टूल पुसून ठेवायचो. एकानं गुडघ्याचं दुखणं सांगितलं, एकानं सुनेचं. बाई तर रोज यायच्या आणि बरणी पाहून मार्क द्यायच्या. "पस्तीस. काठावर पास झाले भाऊ, लई फुगू नका." त्या वासात बसून दोनदा माझ्या हातचा चहा पिऊन गेल्या.

सातव्या दिवशी बरणीत बोटभर थर बसला. तपकिरी, ठसठशीत. मी नाचायला हवं होतं. त्याऐवजी माझा हात ब्लोअर बंद करायच्या बटणापर्यंत जाऊन आला. दाबलं नाही. नुसता जाऊन आला.

आठव्या दिवशी वास गेला. सेक्रेटरींनी गेटवरूनच मान हलवली आणि कुलूप टळलं. मी स्टूल पुसून ठेवलं. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही पुसलं. तिसऱ्या दिवशी बरणी छातीशी धरून दोन जिने चढलो.

बाईंनी दार साखळीपुरतं उघडलं.

"बाई, पाहा कसा थर बसला. नव्वदच्या खाली मार्क देऊ नका. उद्या खाली येजा, चहा ठेवतो."

बाईंनी बरणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आता वास नाई येत ना भाऊ," त्या म्हणाल्या. "मंग कायले येऊ."