हातबाईचा चुडा

कडेगावच्या पूर्वेला, एका वाडीच्या वेशीवर शेंदराचा ढीग होता आणि त्यातून दगडी पंजा वर आला होता. त्याचं नाव हातबाई. वर उचललेला पंजा म्हणजे अभय, असं मूर्तिशास्त्राचे ग्रंथ सांगतात. रंगुबाईनं ग्रंथ वाचले नव्हते, पण तिचंही मत तेच पडलं. लग्न होऊन आली तेव्हापासून, चाळीस वर्षं, ती दर मंगळवारी पंजाला तेल-शेंदूर लावी, बुडाशी हिरव्या बांगड्या ठेवी आणि एकच मागे, "माजा चुडा अखंड ठेव."

नवरा भाऊसो पलटणीत होते. ते सरहद्दीवरून दोनदा धडधाकट परत आले, तेव्हा वाडीत हातबाईचं वजन वाढलं. आता मात्र त्यांचं काळीज थकलं होतं, पाय सुजले होते. सांगलीच्या डॉक्टरांनी "घरी न्या, मागतील ते खायला घाला" असं सांगून पाठवलं होतं. याचा अर्थ लावायला ग्रंथ लागत नाहीत.

माघात शेंदराचं कवच आपोआप गळून पडलं. आतून कोपरापर्यंत हात निघाला, मनगटात कोरलेल्या बांगड्या, वर चंद्र-सूर्य, तळाशी दोन छोटी माणसं. साताऱ्याहून अपूर्वा नावाच्या इतिहासाच्या प्राध्यापिका फोटो काढायला आल्या. त्यांना फार आनंद झाला.

"आजी, ही सतीशिळा. नवऱ्याच्या चितेवर गेली, तिची खूण. चंद्र-सूर्य आहेत तोवर तिचं नाव राहील, असा अर्थ."

"आन बांगड्या?"

"त्याच तर महत्त्वाच्या. बघा, एकही फुटलेली नाही. चुडा अखंड राहिला."

"त्यो कसा काय?"

"फोडायला ती मागं उरलीच नाही ना."

रंगुबाईनं मान हलवली आणि मॅडमना चहा करून दिला. चाळीस वर्षं तिनं एकच गोष्ट मागितली होती, आणि ती द्यायची हातबाईला एकच रीत ठाऊक होती.

पुढच्या मंगळवारी ती तेल-शेंदूर न घेताच वेशीवर गेली आणि दोन्ही मनगटं दगडावर आपटून हातातल्या बांगड्या फोडल्या.

"मागितल्यालं माघारी घेते, बाई. तुज्या वाटेनं मला न्हाई यायचं."

परतताना शेजारणीनं, हरणाबाईनं, तिची उघडी मनगटं पाहिली. विचारायची तिला गरज वाटली नाही. तिनं जागेवरच हंबरडा फोडला. रंगुबाई घरात शिरून हातपाय धुते तोवर अंगण भरलं होतं, आणि चुलत दीर आप्पासो कुणाला तरी बांबू आणायला पिटाळत होते.

"आगं, कोन गेलं?" भाऊसोंनी बाजेवरून विचारलं.

"कोन न्हाई. पडा गप."

"मग माजं नाव घिऊन का रडत्यात?"

रंगुबाईनं हात पदराखाली घेतले. उशीर झाला होता. त्यांनी पाहिलं होतं. ते बराच वेळ बाहेरचं ऐकत राहिले. वरून आलेल्या हुकमावर प्रश्न विचारायची पलटणीत सवय लागत नाही.

"बरं," ते म्हणाले. पाय सरळ केले, हात छातीवर घेतले.

रंगुबाईनं दाराला आतून कडी घातली आणि त्यांचं मनगट धरून बसली.