वाटेची कड धरून चालणारी आत्या

माझी आत्या उसात कुणाशी तरी बोलायची. आणि मधेच गप्प होऊन ऐकायची.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं.

राजुरीजवळ आमची वस्ती. ख्रिस्ती घर एकच, आमचं. घरापासून डांबरी रोडपर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस, मधून पायवाट. बिबट्याच्या भीतीनं तिथून सगळे आवाज करत जातात. कुणी मोबाईलवर गाणी लावतं, कुणी उगाच खोकतं.

मार्था आत्या बोलत जायची.
"प्रभू, आज गुडघा लई दुखतोय बघ. आन् ह्या पोरीची परीक्षा हाय, ध्यान ठेव."

लोकांना वाटायचं, बिबट्यासाठीच बोलतेय. शेजारचे भाऊ तर मुद्दाम तिच्या मागं मागं यायचे.
"आत्याबाई, जरा मोठ्यानं! त्याला ऐकू जाऊ द्या!"
"मी ज्याच्याशी बोलतीया त्याला हळू बी ऐकू जातं, राव."

चालायची मात्र कायम वाटेची कड धरून. उसाची पात हाताला कापायची. मी चिडायचे, "अगं, मधून चाल की!"
ती नुसती हसायची.

मी कॉलेजला होते. एका संध्याकाळी ती मला रोडवर घ्यायला आली. निम्म्या वाटेत बोलता बोलता थांबली. माझा हात घट्ट धरला.
"बरं," म्हणाली, आणि मला घेऊन उलटी फिरली. लांबच्या रस्त्यानं घरी आणलं.

सकाळी बघितलं तर त्या जागेच्या दहा पावलं पुढं चिखलात बिबट्याच्या पंजांचे ठसे. शेजारच्यांचं कुत्रं परत आलंच नाही.

"आत्या, तुला वास आला होता का गं?"
"वास कसला? थांब म्हनला, थांबले."
माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. आजही येतो.

पप्पा गेले तेव्हापासून मी प्रार्थना सोडली. राग होता. अजून आहे.

दवाखान्यात शेवटच्या दिवशी आत्यानं विचारलं, "बोलतीस ना गं त्याच्याशी?"
"हो, रोज," मी म्हटलं.
ती म्हणाली, "तो तर म्हनत व्हता, वाट बघतोय."

आज तिच्या कबरीवर फुलं ठेवून त्याच वाटेनं एकटीच घरी निघाले. ऊन उतरलं होतं. मोबाईल हातात होता, पण गाणी लावावीशी वाटली नाहीत.

निम्म्या वाटेत डावीकडचा ऊस सळसळला.
वारा अजिबात नव्हता.

पाय हलेनात. आणि तोंडातून निघून गेलं, "प्रभू, मी आत्याशी खोटं बोलले होते. लई भीती वाटतेय. सोबत चल."

सळसळ थांबली.

मग मी बोलतच राहिले. पप्पांचं, आत्याचं, इतक्या वर्षांचं. भांडलेसुद्धा.

घराचे पत्रे दिसले तेव्हा हाताकडं लक्ष गेलं. उसाच्या पातीनं कोपरापर्यंत ओरखडे उठले होते.
अख्खी वाट मी कड धरून चालले होते. मधली जागा त्याच्यासाठी मोकळी सोडून.

आत्या, आज बोलले गं त्याच्याशी. खरंच.
तू आता निवांत झोप.