फिरवलेला निरोप

हे मी कोणाजवळ बोललो न्हाई. पोरांजवळ न्हाई, देवाजवळबी न्हाई.

बायकोच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून सनईच्या पत्त्या बांधून राह्यलो होतो. ताडपानाच्या — त्यात फुंकलं की सनई बोलती. तिनं एक बांधली, ओठापर्यंत नेली, थांबली, अन् माझ्या हातात दिली. "तुम्हीच बघा." वर्षानुवर्षं असंच. का थांबायची ती? — मी थांबवली म्हणून.

घनसावंगीत लोक मला हार घालतात. म्हणतात, उस्तादांचा दम बघा! कशाचा उस्ताद? तो दम एका फ्रान्सच्या मास्तरांनी शिकवलेला. ओबो वाजवायचे ते — आपल्या सनईची चुलतबहीणच समजा. सनई समजून घ्यायला आल्ते, एक हिवाळा गावात राह्यले. गिरणीकामगाराचं लेकरू, एका बाईनं फुकट शिकवून माणसात आणलं, असं मोडक्या हिंदीत सांगायचे. मंग जन्मभर दुसऱ्यांना शिकवत राह्यले. आधी पोटात श्वास, मंग सूर — एवढंच घोटून घ्यायचे. माझ्या हाताखालची पोरं आजबी तसंच वाजवतात अन् नाव माझं घेतात. अन् मी घेऊ देतो!

आमच्यात बाई सनईला तोंड लावत न्हाई. पण घरात, दार लोटून, माझ्या रियाजाला मागचा सूर तीच धरायची — एकच सूर, बिलकुल न तुटता. मास्तरांनी तो रस्त्यावरून ऐकला. मला म्हणले, बायकोचा दम तुझ्यापेक्षा लांब हाय, उद्यापासून तिला माझ्यासमोर बसव. ती परक्या माणसापुढं येत नसे, हिंदीबी तिला येत नसे. निरोप माझ्याच तोंडून जायचा होता.

अन् मी काय केलं?

घरी येऊन सांगितलं, "मास्तर म्हणले, तुझा दम कच्चा हाय. सूर हालतो."

"मास्तरच म्हणले असं?"

"मंग मी काय खोटं बोलून राह्यलो?"

मास्तरांना सांगितलं — तिलाच नको हाय. त्यानंतर तिनं सनई ओठाला लावली न्हाई. पत्तीसुद्धा न्हाई.

भावकीला भ्यालो म्हणू? थू! भावकीला विचारलं होतं कोणी? जळलो मी. बायको माझ्यापेक्षा बरी वाजवती — हे सोसलं न्हाई. बस.

ओट्यावर पत्त्या बांधल्या, त्याच रात्री ती झोपेतच गेली. सकाळी पिंपळगावाहून तिचा धाकटा भाऊ आला. सगळ्यांसमोर रडत म्हणला, "दाजी, माहेरी बाच्या मागं आक्का सूर काय धरायची! कशामुळं सोडलं हो तिनं?"

ती समोर निजवलेली. सगळे माझ्या तोंडाकडं बघून राह्यलेले.

मी म्हणलो, "तिलाच नको होतं."

अन् खांदा द्यायला पुढं झालो.