वाचून दाखवले, बरोबर आहे

कोर्टवाल्या काकूंशी भांडायची सोयच नव्हती. त्या आवाज चढवत नसत, तोंड फिरवत नसत. तुम्ही तावातावानं काही बोललात की त्या शेवटपर्यंत ऐकून घेत आणि मग तुमचंच बोलणं, एक शब्द इकडचा तिकडं न करता, सपाट आवाजात तुम्हाला परत ऐकवत. "तू म्हणालास, खालच्या मजल्यावरचे लोक मुद्दाम तुझ्या गाडीपुढं गाडी लावतात. मुद्दाम. बरोबर आहे?" झालं! आपण बोललो तेव्हा ठणठणीत असलेला तो ‘मुद्दाम’ काकूंच्या तोंडून ऐकताना एकदम लंगडा पडायचा. मग आपणच म्हणायचं, "मुद्दाम म्हणजे... तसं नाही काकू, पण लावतात." त्यावर त्या मान हलवून चहा टाकायला उठत.

सिडकोतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये त्या आमच्या समोरच्या दारात एकट्याच राहायच्या. शहागंजातल्या एका क्लासात टायपिंग शिकल्या आणि पुढं तीसेक वर्षं वेगवेगळ्या कोर्टांत साक्षीदारांच्या जबान्या आणि निकाल टाइप करत राहिल्या. साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची, त्याला काही दुरुस्ती हवी असेल तर करायची, आणि मग खाली टाइप करायचं: ‘वाचून दाखवले, बरोबर आहे.’ त्याखाली सही, नाहीतर अंगठा. रिटायर झाल्या तरी त्यांचं वाचून दाखवणं काही थांबलं नाही. मला याचं लई कुतूहल वाटायचं. नोकऱ्या काय सगळेच करतात. माझे वडील बँकेत होते, पण घरी आल्यावर ते काही आमच्या सह्या जुळवून बघत नव्हते. मग काकूंनाच हे एवढं का चिकटलं असेल?

क्रिकेट त्या माझ्याबरोबर बघायच्या, आणि तेही आवाज बंद करून. समालोचक त्यांना सरकारी वकिलासारखा वाटायचा, दुसऱ्या बाजूला वकीलच नसलेला. त्यांना त्या खेळात दोनच गोष्टी मनापासून आवडत. एक म्हणजे, कुणी अपील केल्याशिवाय अंपायर आउट देत नाही. "बघ, फिर्यादच नाही तर निकाल कसला?" आणि दुसरी, संशयाचा फायदा फलंदाजाला. अकरा जण हात वर करून बोंबलायला लागले की त्या चिडायच्या. "अरे, ओरडणं म्हणजे काय पुरावा असतो का!" मी विकेटसाठी खुर्चीत उड्या मारतोय आणि या त्या बिचाऱ्या फलंदाजाची बाजू मांडतायत, असं आमचं चालायचं. कबड्डी मात्र त्यांना क्रिकेटपेक्षा थोर वाटायची. तिथं हात लागलेला खेळाडू कधीकधी आपणहून हात वर करून बाहेर जातो, ते बघून त्या हरखून जात. "कबुलीजबाब! आणि बघ, पोलिस नाही, मार नाही, काही नाही."

मालिकांचं तर विचारूच नका. आमची आई संध्याकाळी जी मालिका बघे ती काकूही बघत, पण प्रत्येक भागाचा उलटतपास घेत. सासूचं कारस्थान सुनेनं दाराआडून ऐकलं की आई सरसावून बसायची आणि काकू म्हणायच्या, "अर्धं ऐकलंय तिनं. आधीचं काय झालं ते कुठं ठाऊक आहे तिला?" खलनायिकेची बाजू कुणीच ऐकून घेत नाही, ही त्यांची कायमची तक्रार. गाण्यांच्या स्पर्धेत परीक्षक रडायला लागले की त्या रिमोट उचलायच्या. "न्यायाधीशच रडायला लागला तर पक्षकारानं कुणाकडं बघायचं?" आई वैतागून म्हणे, "अहो, करमणूक आहे ती, कोर्ट नाही!" तेवढ्यापुरत्या गप्प बसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

एकदा बातम्यांत फार वाईट प्रकरण आलं. जिन्यात बायका जमल्या आणि जी ती म्हणायला लागली, भर चौकात फाशी द्या. काकू खाली मान घालून उभ्या होत्या. नंतर मला म्हणाल्या, "मलाही राग येतो रे. एका पोरीची साक्ष मी सहा वर्षांनी टाइप केलीय, तोवर लग्न होऊन तिच्या कडेवर बाळ होतं. एवढा उशीर करणाऱ्यांचा तर जास्तच राग येतो. पण शिक्षा टाइप करताना बोटं जड होतात. चौकातल्या लोकांना टाइप करावं लागत नाही ना." मला ते तेव्हा पूर्ण पटलं नव्हतं. अजूनही सगळं पटलंय असं नाही.

मग माझी बॅट गेली.

मी तेव्हा चिकलठाण्याला एका कंपनीत नवा लागलो होतो. पहिल्या पगारातून घेतलेली बॅट, रविवारची मॅच खेळून पार्किंगमध्ये गाडीला टेकवून वर गेलो आणि विसरलो. आठवण आली तेव्हा बॅट गायब. कॅमेऱ्यात बघितलं तर आमचा वॉचमन सांडू पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं घेऊन गेटबाहेर जाताना दिसला. सांडू सिल्लोडच्या पुढचा, मेंढपाळाच्या घरातला, बायकोसह गेटजवळच्या खोलीत राहणारा. तासाभरात ती क्लिप सोसायटीच्या ग्रुपवर फिरली आणि निकाल लागला: चोर! उद्या पोलिसांत द्यायचा, खोली रिकामी करून घ्यायची. फक्त माझा तक्रारअर्ज हवा होता. अर्ज कोण चांगला लिहिणार? कोर्टवाल्या काकू.

त्यांनी कागद घेतला. मी घडाघडा सांगितलं. लिहून झाल्यावर त्यांनी वाचलं, "वॉचमन सांडू याने माझी बॅट चोरताना मी पाहिले. बरोबर आहे?"

"म्हणजे कॅमेऱ्यात पाहिलं."

त्यांनी खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा वाचलं. "कॅमेऱ्यात त्याच्या हातात माझी बॅट दिसली. बरोबर?"

"पोतं दिसलं. आत बॅटच असणार ना!"

"‘असणार’ असं लिहू?"

असं पाच वेळा झालं. दर वेळी अर्ज एक ओळ आखूड व्हायचा. शेवटी कागदावर एवढंच उरलं: ‘माझी बॅट सापडत नाही.’ काकू म्हणाल्या, "आता कर सही." मी काही केली नाही. एवढ्याशा तक्रारीवर कुणाला घरातून काढणार? खाली गेलो आणि, तोवर कुणीच केलं नव्हतं ते केलं, सांडूला विचारलं.

"काठी व्हती साहेब," तो म्हणाला. "भावाला पाठवायची व्हती, मेंढरामागं लागती. लोकं हासत्यात म्हून पोत्यात घातली." दुसऱ्या दिवशी गावाहून काठी परत मागवून त्यानं ती सगळ्यांना दाखवली. सांडू राहिला. बॅट आजतागायत सापडलेली नाही, आणि खरं काय ते मला आजही माहीत नाही.

त्या संध्याकाळी मी काकूंना एकदाचं विचारूनच टाकलं, की हे वाचून दाखवणं तुमच्या इतकं हाडात कसं गेलं. त्यांनी टीव्ही बंद केला. मग सांगितलं. नोकरीची पहिली वर्षं, तालुक्याचं एक कोर्ट. कुठलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. शेळ्या चोरीचा खटला, साक्षीदार एक म्हातारी. ती म्हणाली होती, "निस्ती पाठ दिसली, घोंगडीवरून वाटलं त्योच असंल." लिहिलं गेलं ते असं, की आरोपीला शेळ्या नेताना पाहिले. कोर्ट उठायची वेळ झालेली. काकूंच्या बोटांनी सवयीनं खालची ओळ टाइप केली, ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’, आणि म्हातारीनं अंगठा दिला. वाचून दाखवलंच नव्हतं. निकालानंतर म्हातारी व्हरांड्यात भेटली, ‘म्या असं कुठं म्हणले’ म्हणाली, तेव्हा काकूंना कळलं. माणूस आठ महिने आत गेला. नोकरी कच्ची होती. काकू गप्प बसल्या.

"त्यानं शेळ्या नेल्या की नाही, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ते ठरवणं माझं कामच नव्हतं. वाचून दाखवणं माझं काम होतं." आणि डोळे पुसून म्हणाल्या, "आता माझं लिहून घे."

त्या माणसाला पत्र लिहायचं होतं. त्याचं नाव-गाव त्यांना तोंडपाठ होतं. पहिल्या दिवशी दोन पानं झाली. मी वाचून दाखवलं. जज्जसाहेबांना घाई होती, हे त्यांनी खोडायला लावलं. वकिलानं विचारायला हवं होतं, खोडलं. मी नवीन होते, तेही खोडलं. मग कित्येक महिने पत्र तसंच पडलं. दर थोड्या दिवसांनी त्या मला बोलवायच्या, मी वाचायचो, त्या म्हणायच्या, "बरोबर नाही अजून." त्या अंथरुणाला खिळल्या तोवर पत्रात तीनच वाक्यं उरली होती. ‘म्हातारीची साक्ष मी तिला वाचून दाखवली नाही. दाखवली असे लिहिले. हे मी कुणालाच सांगितले नाही.’ खाली त्यांनी सही केली. आता एकच धास्ती त्यांना खात होती, हे पत्र त्या असेपर्यंत पोहोचतं की नाही.

माणूस शोधला सांडूनं. "आमच्या पाहुण्यातलाच निघंल," म्हणाला आणि चार दिवसांत पत्ता आणला. म्हातारा आता सिल्लोडकडं लेकीकडं राहत होता. सांडू आणि मी मोटरसायकलवर गेलो. म्हातारा बाजेवर बसला होता. वाचता येत नाही म्हणाला, म्हणून मीच वाचलं. त्यानं ऐकलं, सांडूकडं बघितलं आणि म्हणाला, "आजूक येकदा वाच." दुसऱ्यांदा ऐकून त्यानं दाढी खाजवली. मग म्हणाला, "आता माझं लिव्ह." मी त्याच पत्राच्या मागं लिहिलं, त्याला वाचून दाखवलं, त्यानं अंगठा दिला.

परत येताना माझ्या मनात एकच घोळत होतं. काकूंना हे सगळं सांगायचं का? नुसतं ‘पत्र पोचलं’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण काकूंपुढं खोटं टिकत नाही, हे मला माझ्या बॅटनं शिकवलं होतं.

त्यांच्या खोलीत आवाज बंद ठेवून मॅच चालू होती.

"वाचून दाखवलंस?"

"हो. दोनदा."

"काय म्हणाला?"

"लिहून दिलंय."

"मग वाच की."

मी वाचलं. "शेळ्या मी नेल्या न्हवत्या. आत असताना माय वारली, मातीला जाता आलं न्हाई. बाईनं सांगितलं ते बरं केलं. लई उशीर केला."

काकूंनी डोळे मिटले होते. मला वाटलं झोप लागली. मी कागदाची घडी घालायला लागलो, तशा त्या पुटपुटल्या, "परत वाच." मी परत वाचलं, ‘लई उशीर केला’पर्यंत सगळं. त्यांनी उशीवरून हात काढला, कागदावर ठेवला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे."

त्यानंतर त्या आठवडाभर होत्या. मला काहीच परत वाचायला सांगितलं नाही त्यांनी.