रिक्षाने कोकणात

लग्नाच्या वाढदिवसाला आमच्या मुलीने, मृणालने, बंगळुरूहून भेट पाठवली. समुद्राजवळच्या एका सेंद्रिय शेतावर दोन दिवसांचा मुक्काम, न्याहारीसकट. फोटोत केळीची बाग होती, कौलारू खोली होती, झोपाळा होता. ‘आईबाबा, जरा लांब कुठेतरी जा, मोकळे व्हा,’ असा खाली निरोप. पत्ता वाचून दिलीप, म्हणजे माझा नवरा, चष्मा पुसायला गेला. पुसून आला तरी पत्ता तोच होता. नंदाखाल. आम्ही राहतो विरार पश्चिमेला. आमच्या गच्चीवरून नीट पाहिलं तर नंदाखालचे माड दिसतात.

पोरीने हौसेने केलं होतं, तिचा हिरमोड कशाला, म्हणून गप्प राहायचं ठरलं. शनिवारी सकाळी बॅगा घेऊन खाली उतरलो तर शेजारचे पाटणकर समोरच. कुठे निघालात, असं त्यांनी विचारताच दिलीपने बेधडक ‘कोकणात’ असं सांगून टाकलं. मी रिक्षाला हात केला. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो.

त्याचं कारण आमचा फ्लॅट. दिलीप निवृत्त झाल्यापासून त्याला साताऱ्याची ओढ लागली होती. गावी दिरांनी नवं घर बांधलंय, वरचा मजला आमच्यासाठी ठेवलाय. फ्लॅटला गिऱ्हाईकही मिळालं होतं आणि सोमवारी दलालाला उत्तर द्यायचं होतं. मला जायचं नव्हतं. पण का नाही, हे मला धड सांगता येत नव्हतं. दिलीपचा मात्र एकच प्रश्न असायचा, “इथे आपलं आहे कोण?” नोकरीची सगळी वर्षं तो अंधारात मुंबईला गेला आणि अंधारात परतला. त्याने विरार पाहिलं ते रविवारी, तेही दुपारच्या झोपेनंतर.

तर आम्ही रिक्षाने प्रवासाला निघालो. बोळींज मागे पडलं, आगाशी आली, इमारती बुटक्या होत होत संपल्या आणि दोन्ही बाजूंनी वाड्या (केळी-नारळाच्या बागा) लागल्या. एवढ्या मोठ्या बॅगा पाहून रिक्षावाल्याने विचारलं, परदेशातून आलात का? दिलीप रिक्षाबाहेर पाहत राहिला. हवेत गारवा होता, कुठूनतरी ओल्या पाचोळ्याचा वास येत होता, आणि तेवढ्यात आमचा प्रवास संपला.

फाटकाशी जॅसिंता नावाची हसतमुख मुलगी उभी होती. हा सगळा उद्योग तिचाच. नवरा जहाजावर, म्हणून सासूच्या वाडीत तिने दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या होत्या. शेतात रासायनिक खत नाही, खोलीत टीव्ही नाही, हे तिने अभिमानाने सांगितलं. मग आत वळून तिने सासूला हाक मारली. त्यांच्या घरची बोली मराठीच्या इतकी जवळची की आत्ता कळेल असं वाटतं, आणि कळत मात्र नाही. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या आणि मी बॅग खाली ठेवली.

त्या रेजिनाबाई होत्या. आमच्या इमारतीच्या गेटपाशी शनिवार-रविवार सोडून रोज सकाळी भाजीची टोपली घेऊन बसणाऱ्या. आमची ओळख जुनी, अगदी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करण्याइतकी. त्या नंदाखालच्या, हेही मला माहीत होतं. पण झोपाळेवाल्या फोटोशी त्यांचा संबंध असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

त्यांनी आधी मला पाहिलं, मग दिलीपला, मग बॅगांना.

“ताई,” त्या म्हणाल्या, “घराला रंग काढलाय का?”

मी खरं ते सगळं सांगितलं, पाटणकरांना मारलेल्या थापेसकट. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. सोमवारी गेटवर यातलं काहीही बोलणार नाही, असं त्यांनी वचन दिलं, पण एका अटीवर. साहेबांनी उद्या सकाळी सुकेळी (उन्हात वाळवलेली राजेळी केळी) करायला मदत करायची. दिलीपने मान डोलावली. त्याला वाटलं, खायची आहेत.

जेवणात तांदळाची भाकरी, केळफुलाची भाजी आणि अर्नाळ्याचे ताजे बोंबील होते. दिलीप घाटावरचा, माशाकडे तो अजूनही संशयानेच पाहतो. बोंबलात काटा शोधण्यात त्याचा बराच वेळ गेला आणि तोवर मी त्याच्या वाटचेही दोन संपवले.

दुपारी तो बावखलाकडे गेला. बावखल म्हणजे इथल्या वाड्यांमधलं जुनं तळं. त्यावरच बागा पोसतात. काठावरच्या फांदीवर खंड्या बसला होता. त्याचा फोटो काढायला दिलीप एक पाऊल पुढे गेला, मग आणखी एक. खंड्या उडाला आणि दिलीप कमरेपर्यंत पाण्यात उतरला. फोन तेवढा त्याने डोक्यावर धरून वाचवला. बाहेर काढल्यावर लक्षात आलं की त्याची दुसरी पँट इस्त्री होऊन घरी पलंगावरच राहिलीय. घर रिक्षाने हाकेच्या अंतरावर. पण कोकणात गेलेला माणूस दुपारी पँट न्यायला कसा परत येणार? शेवटी जॅसिंताने नवऱ्याचे कपडे काढून दिले. फुटबॉलचा पिवळाधमक बनियन आणि गुडघ्याखाली लोंबणारी अर्धी चड्डी.

त्याच वेषात संध्याकाळी आम्ही कळंबच्या किनाऱ्यावर गेलो. शनिवार असल्यामुळे गर्दी होती. एका बाजूला मच्छीमारांच्या होड्या ओढून ठेवलेल्या, दुसऱ्या बाजूला घोडागाडीत बसायला हट्ट धरलेली मुलं. सूर्य खाली येत होता आणि दिलीप मृणालला पाठवायला समुद्राचा फोटो घेत होता. तेवढ्यात मागून आवाज आला. पाटणकर होते, सहकुटुंब, हातात भेळ. त्यांनी पिवळ्या बनियनवरचा नंबर वाचला, मग चेहरा.

“तुम्ही तर कोकणात जाणार होतात ना?”

दिलीप क्षणभरही अडखळला नाही. “हे उत्तर कोकणच आहे,” तो म्हणाला. “भूगोलात होतं आपल्याला.”

पाटणकरांनी विचार केला आणि त्यांना ते पटलं, असं दिसलं. पण वाटेवर मला इतकं हसू आलं की एका दगडावर बसावं लागलं. दिलीपही हसायला लागला. कित्येक दिवसांत आम्ही दोघं एका गोष्टीला हसलो नव्हतो. त्या हसण्याच्या भरातच त्याने मृणालला फोन करून नंदाखाल कुठे आहे ते सांगून टाकलं. ती म्हणाली, की मग निदान रिव्ह्यू तरी पाच स्टारचा द्या.

रविवारी सकाळी अट पुरी करायची होती. बांबूच्या मांडवावर सुकं गवत अंथरलेलं, त्यावर पिकलेली केळी सोलून ओळीने ठेवायची. रेजिनाबाईंच्या हातात साल आपोआप उतरत होती. दिलीपच्या हातात केळ्याचे दोन तुकडे होत, आणि मोडलेलं फुकट जायला नको म्हणून तो ते खात होता. थोड्या वेळाने रेजिनाबाईंनी त्याला, साहेब, तुम्ही आता पाणी सोडा बघू, असं सांगून भाजीच्या वाफ्यांकडे पाठवलं.

तिथून त्याने मला हाक मारली. आवाज वेगळा होता म्हणून मी लगबगीने गेले. तो एका छोट्या वाफ्यापुढे उभा होता.

“हा चाकवत आहे,” तो म्हणाला.

चाकवत ही आमच्या घाटावरची हिवाळी पालेभाजी. इकडे ती फारशी कोणी खात नाही. दिलीपचं त्यावर एक ठरलेलं भाषण आहे: चाकवत खावा तर साताऱ्याचा, खारं वारं लागलेल्या मातीत ती चव उतरत नाही. दर हिवाळ्यात पातेलं पुसून खाताना तो हे ऐकवतो. भाजी भावाकडून येते, असा त्याचा समज होता आणि मी तो कधी मोडला नव्हता. चांगलं भाषण मध्येच कशाला तोडायचं?

रेजिनाबाई मागोमाग आल्या. “ताईंनीच बी आणून दिलं होतं, एका दिवाळीत गावाहून येताना,” त्या म्हणाल्या. “तेव्हापासून दर वर्षी एक वाफा तुमचा. आमच्या घरात तोंड लावत नाहीत कोणी.”

“मग बाकीचा विकता कोणाला?” दिलीपने विचारलं.

“कोणाला विकणार? उरला तर गाईला.” मग त्या थोडं थांबल्या. “वॉचमन म्हणत होता, तुम्ही जागा विकताय. तसं असेल तर सांगून ठेवा साहेब. पुढच्या वर्षी बी धरणार नाही मी.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. वाफा मोकळा करायचा की नाही, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. दिलीप वाकला, एक पान खुडून चावलं आणि पाणी शेवटच्या रोपापर्यंत पोचलंय का ते पाहत उभा राहिला. दुपारी जेवून निघालो तेव्हा जॅसिंताने पँट वाळवून, घडी करून दिली. परतीच्या वाटेवर दिलीप रिक्षातून दोन्ही बाजूंना बघत होता आणि, हे कुठलं देऊळ, हा रस्ता कुठे जातो, असं मला विचारत होता. निम्म्या प्रश्नांची उत्तरं मलाही येत नव्हती.

सोमवारी सकाळी दलालाचा फोन आला. मी स्वयंपाकघरात होते. दिलीपचं एवढंच वाक्य ऐकू आलं, की सध्या आमचा विचार नाही. मी कारण विचारलं तर म्हणाला, साताऱ्याला उन्हाळ्यात महिनाभर जाऊन येऊ, कायमचं मात्र नको, तिकडे करमायचं नाही.

“कोणाला?” मी विचारलं.

त्याने कापडी पिशवी उचलली आणि भाजी आणतो म्हणून खाली गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. लोक लांबचे प्रवास करतात आणि घरी आल्यावर घर निराळं दिसतं, असं म्हणतात. आम्ही फार लांब गेलो नव्हतो, तरी मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभी राहिले तेव्हा खालचं गेट मला थोडं निराळं वाटलं. टोपलीशेजारी दिलीप उकिडवा बसला होता आणि पाटणकरांच्या बायकोला सुकेळी कशी करतात ते हातवारे करून समजावत होता. रेजिनाबाईंनी पदर तोंडाला लावला होता.

बऱ्याच वेळाने तो वर आला, फार खुशीत. पिशवी रिकामी होती. भाजी आणायला मलाच खाली जावं लागलं.